आमच्या घरावरचे ऊन

(द्वितीय वर्ष, कला)

'सौर ऊर्जा' हा शब्द शाळेच्या पुस्तकात प्रथम वाचला तेव्हा तो मला फार दूरचा वाटला होता. उपग्रह, प्रयोगशाळा, शास्त्रज्ञ अशा शब्दांच्या पंगतीत तो बसलेला असे. वस्तुतः ही ऊर्जा आमच्या घरी माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून नांदत होती. उन्हाळ्यात आजी सकाळी नऊच्या सुमारास तांब्याचा हंडा भरून अंगणाच्या मधोमध ठेवी आणि दुपारी त्याच पाण्याने आम्हा नातवंडांना न्हाऊ घाली. पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या, पेरणीचे बी यांपैकी उन्हावाचून काहीच होत नसे. फक्त त्याला कोणी ऊर्जा म्हणत नसे, वाळवण म्हणत. म्हणूनच दोन वर्षांपूर्वी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरावर 'सोलर' बसवावे का असा विषय काढला तेव्हा आजी म्हणाली, "आता ऊनसुदीक इकत घ्यायचं दिस आलं व्हय?"

आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातले. पाऊस बेताचा, ऊन मात्र भरपूर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे औषधाच्या बाटलीवरचा मजकूर, बँकेचे पत्र, खताच्या पोत्यावरची सूचना, जे जे वाचायचे असेल ते माझ्यापुढे येते. तसाच हा प्रश्नही आला. "तू शिकतीयास न्हवं? मग सांग, बसवायचं का न्हाय?" आप्पांनी विचारले. मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीलाच संपलेला. परंतु 'मला ठाऊक नाही' असे म्हणण्याचे धैर्य झाले नाही, आणि त्या रात्री वहीत गणित मांडून मी उत्तर दिले. एक किलोवॉटचे पॅनेल, दिवसाचे तास चोवीस, म्हणून रोज चोवीस युनिट वीज! आप्पा इतके आनंदले, की दुसऱ्या दिवशी त्यांनी पारावर चार माणसांत हा आकडा सांगून टाकला. मी तीच वही भूगोलाच्या सरांना दाखविली. त्यांनी ती शांतपणे पाहिली आणि एवढेच विचारले, "रात्रीचे ऊन कोठून आणणार?"

प्रस्तुत लेख म्हणजे त्या चुकीनंतर मी जे शिकले त्याचा वृत्तान्त आहे.

आपण 'ऊन' असा एकच शब्द वापरतो. परंतु घरात ते दोन निरनिराळ्या रीतींनी कामाला लावता येते. एक, त्याची उष्णता करून; दुसरी, त्याच्या प्रकाशातून सरळ वीज काढून. या दोहोंची साधने वेगळी, स्वभाव वेगळे आणि त्यांची गल्लत केली की घरचा हिशेब चुकतो. गावातले लोक दोहोंनाही 'सोलर'च म्हणतात. घोटाळ्याचा निम्मा भाग तेथेच आहे असे मला वाटते.

उष्णतेची रीत जुनी आहे. ती आपल्या मुंबईतही फार पूर्वी अजमावली गेली हे वाचून मला नवल वाटले. विल्यम अॅडम्स नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने कुलाब्यात सपाट आरशांची रांग अर्धवर्तुळात मांडली, त्यांचे कवडसे एका बॉयलरवर एकवटले आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखविला. त्याचे पुस्तक १८७८ साली प्रसिद्ध झाले. उष्ण देशांनी इंधनाऐवजी उन्हाचा उपयोग करावा हा त्याचा विषय होता. उन्हापासून वीज काढण्याची विद्या मात्र अलीकडची. फ्रेंच शास्त्रज्ञ बेकरेल याने १८३९ मध्ये तिचे मूळ पाहिले असले, तरी सिलिकॉनचा कामचलाऊ सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला. त्यावर पडलेल्या उन्हाच्या शंभर भागांपैकी सहाच भागांची वीज होत असे. आज बाजारात मिळणारे चांगले पॅनेल वीस ते बावीस भागांची वीज करते.

आता आमच्या घराकडे वळते. आमचा स्वयंपाक गॅसवर होतो, निदान सिलिंडर असतो तोवर. पण अंघोळीचे पाणी गॅसवर तापविणे कोणाला परवडते? ते न्हाणीबाहेरच्या चुलीवरच तापते. त्यासाठी आई पहाटे साडेचारला उठते. वेडी बाभूळ, तुराट्या, शेणी, जे असेल ते जळण. हे जळण आठवड्यातून दोनदा ओढ्यापलीकडून मोळी बांधून आणावे लागते. बारावीपर्यंत त्यातली एक मोळी माझ्या डोक्यावर असे.

हे जळण लागते तरी किती, हे आमच्या घरात कोणी मोजले नव्हते. मी वाण्याकडून ताणकाटा मागून आणला आणि सात दिवस रोज पहाटे जळण तोलले. सरासरी पावणेपाच किलो भरली. महाविद्यालयाच्या भूगोल विभागातून उष्णतामापक मिळाला, त्याने पाणी मोजले. पहाटेचे पाणी २० अंश, अंघोळीचे ४५ अंश आणि पाच माणसांचे मिळून सुमारे ८० लिटर. एक लिटर पाणी एका अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे आम्हांला रोज हव्यात ८० गुणिले २५, अर्थात २,००० किलोकॅलरी. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत ढोबळमानाने ३,५०० किलोकॅलरी असतात. पावणेपाच किलोत झाल्या साडेसोळा हजारांहून अधिक. यावरून असे दिसते, की आई जाळते त्यातले शंभरातले बाराच भाग पाण्यात जातात. उरलेले अठ्ठ्याऐंशी भाग धुरात, दगडांत आणि तिच्या डोळ्यांत. मोळीच्या आठ फेऱ्यांपैकी सात फेऱ्या आम्ही वाऱ्यासाठीच घातल्या म्हणायच्या. हे गणित मी आईला सांगितले तेव्हा ती काही बोलली नाही. "म्हंजी किती वर्सं?" एवढेच तिने थोड्या वेळाने विचारले.

पाणी तापविण्याच्या सौर बंबात समजण्यास कठीण असे काहीच नाही. वर एक जाड आवरणाची टाकी असते आणि तिला तिरप्या लावलेल्या काचेच्या नळ्या. प्रत्येक नळी दुहेरी असते, दोन काचांमधली हवा काढून टाकलेली असते आणि आतल्या काचेवर काळसर लेप असतो. थर्मास ज्या युक्तीने चहा गरम ठेवतो त्याच युक्तीने ही नळी उन्हाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. नळीतले पाणी तापले की हलके होऊन आपोआप वर टाकीत चढते, त्याच्या जागी थंड पाणी खाली उतरते आणि हे रहाट दिवसभर चालू राहते. त्याला मोटार लागत नाही, वीज लागत नाही. आजीच्या हंड्याला जे येत नव्हते ते एवढेच, की मिळालेली ऊब रात्रभर राखून ठेवायची.

शंभर लिटरच्या बंबात चांगल्या उन्हाच्या दिवशी पाणी ६० अंशांपर्यंत तापते. त्यात ६० लिटर थंड पाणी मिसळले, की ४५ अंशांचे १६० लिटर पाणी होते. आमची गरज त्याच्या निम्मी.

येथे वाचकांपैकी कोणी म्हणेल, की मग वीजच का करू नये? दिवेही लागतील आणि त्याच विजेवर गिझरही चालेल. मलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु शंभर लिटर पाणी २० पासून ६० अंशांपर्यंत नेण्यास ४,००० किलोकॅलरी लागतात. एका युनिट विजेची उष्णता होते ८६० किलोकॅलरी. म्हणजे साडेचार युनिटांहून अधिक वीज हवी. आणि एक किलोवॉटचे पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी देते सुमारे चार युनिट. (माझे चोवीस येथे चारांवर आले.) घरच्या छपरावर पसरलेल्या दोन मोठ्या पॅनेलांची दिवसभराची सारी कमाई एका न्हाणीत ओतली, तरी ती पुरत नाही. उलट दोन चौरस मीटर जागेवर रोज सुमारे अकरा युनिटांइतके ऊन पडते असे धरले, तर त्यातून बंब पाच-साडेपाच युनिटांइतकी उष्णता धरून ठेवतो आणि तेवढ्याच जागेवरचे पॅनेल दोनेक युनिटच वीज देते. वीज ही फार उंची वस्तू आहे. तिने दिवा लावावा, पंखा फिरवावा, मोबाइल चालवावा. तिला चुलीपुढे बसविणे म्हणजे पैठणी नेसून शेण काढण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट माझ्या समजुतीच्या अगदी उलट निघाली. मला वाटे, ऊन जितके कडक तितकी वीज जास्त. पण पॅनेलला उजेड हवा असतो, तापणे त्याला सोसत नाही. पॅनेलची शक्ती मोजतात ती २५ अंश तापमानाला. त्यापुढे दर अंशामागे शेकडा सुमारे ०.४ याप्रमाणे ती घटते. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पॅनेलचा पत्रा ६० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा शेकडा चौदा-पंधरा भाग असेच जातात. म्हणून पॅनेल छपराला चिकटवून न बसविता खालून वारा खेळेल असे उचलून बसवितात.

सावलीचेही तसेच. पॅनेलमधले सौरघट एकापुढे एक असे माळेत जोडलेले असतात. एका घटावर फांदीची सावली पडली, तर त्या घटापुरतेच नुकसान होत नाही, सगळी माळ मंदावते. आमच्या घराच्या दक्षिणेला आजोबांनी लावलेला कडुनिंब आहे, तीस फुटांचा तरी असेल. मी मे महिन्यात दर तासाला छपरावरची सावली पाहून आले आणि 'झाडाची अडचण नाही' असा निर्णय देऊन मोकळी झाले. सर म्हणाले, "डिसेंबरात पुन्हा मोज." भूगोलाच्या विद्यार्थिनीला हे सांगावे लागले याची मला लाज वाटली. आमचे गाव साडेसतरा अंशांच्या जरा वर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, उभ्या काठीला सावलीच नसते. परंतु २२ डिसेंबरला भरदुपारीही तो दक्षिणेकडे ४९ अंशांवरच असतो. तीस फुटांच्या झाडाची सावली सव्वीस फूट उत्तरेकडे पडते, म्हणजे नेमकी आमच्या छपरावर. आप्पा म्हणाले, चार फांद्या उतरवू. आजीने एकदा त्यांच्याकडे पाहिले, आणि तो विषय तेथेच संपला.

विजेच्या पॅनेलविषयी आप्पांच्या मनात खरा लोभ होता तो वेगळाच. आमच्याकडे लाईट वारंवार जाते. आपल्या छपरावर वीज तयार होत असली, की सारे गाव अंधारात असताना आपला दिवा लागेल, असे त्यांना वाटे. हे खरे नाही. अनुदानाच्या योजनेत सामान्यतः बसवितात ते यंत्र वीज कंपनीच्या तारांशी जोडलेले असते. बाहेरची वीज गेली की त्यातला इन्व्हर्टर आपणहून बंद पडतो. तसा तो बनविलेलाच असतो. कारण वायरमन खांबावर चढून दुरुस्ती करीत असताना आपल्या घरची वीज उलटी तारेत गेली, तर त्याचा जीव जाईल. अंधारात दिवा हवा असेल, तर बॅटरी घ्यावी लागते, तिचा खर्च निराळा आणि काही वर्षांनी ती बदलावीही लागते. हे ऐकल्यावर आप्पांचा चेहरा पडला. पण थोड्या वेळाने ते म्हणाले, "बरोबर हाय. त्यो वायरमन आपल्यातलाच हाय."

पैशांचे बोलायचे, तर केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांसाठी जी पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू केली, तीत एका किलोवॉटला ३०,००० रुपये, दोन किलोवॉटना ६०,००० आणि तीन वा अधिक किलोवॉटना ७८,००० रुपये अनुदान ठेवले. आमच्या जिल्ह्यातील पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी त्याच वर्षी राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. महिन्याला तीनशे युनिट जाळणाऱ्या शहरातल्या घराला हा व्यवहार फायद्याचा आहे यात शंका नाही. आमचा वापर महिन्याला चाळीस-पन्नास युनिट. एक किलोवॉटने येणाऱ्या एकशेवीस युनिटांपैकी निम्म्याहून अधिक आम्हांला लागतच नाहीत. ती तारेत जातात आणि आपल्या खात्यावर जमा होतात एवढेच. शिवाय बिलातला स्थिर आकार काही सुटत नाही. म्हणून मी पॅनेलला नको म्हटले. पुढे २०२५ साली राज्य सरकारने शंभर युनिटांहून कमी वापर असलेल्या घरांसाठी केंद्राच्या अनुदानात आपली भर घालणारी 'स्मार्ट' योजना मंजूर केली, तेव्हा मला माझे मत बदलावे लागले. पदरचे थोडेच घालावयाचे असेल, तर हिशेब निराळा होतो. गरीब घराने वीज कमी वापरली म्हणून त्याच्या छपराला ऊन कमी लागत नाही, ही गोष्ट योजना आखणाऱ्यांच्या ध्यानात जरा उशिराच आली, असे माझे मत आहे.

पाण्याचा बंब मात्र आम्ही आधीच, मागच्या वर्षीच्या कार्तिकात बसविला. त्यातही अडचणी आल्या, कारण दुकानदार बंबाची किंमत सांगतो, बंबाभोवतीच्या गोष्टींची सांगत नाही. बंबात पाणी उतरायला त्याच्याहून उंचावर थंड पाण्याची टाकी हवी. आमच्याकडे टाकीच नव्हती. पाणी भरलेला बंब दीडशे किलोंच्या पुढे जातो. घराच्या पत्र्याला तो झेपणार नव्हता. शेवटी न्हाणीच्या छोट्या स्लॅबवर बंब आणि त्याशेजारी लोखंडी घोड्यावर टाकी अशी योजना केली. तेथे निंबाची सावली दुपारी तीननंतरच येते. बंब तेवढी सहन करतो, कारण सावलीने त्याची थोडी उष्णता कमी होते, सारे काम थांबत नाही. दोन बोकड विकून आलेले पैसे त्यात गेले, आणि वर प्लंबरचे आप्पांनी ज्वारी निघाल्यावर दिले.

ज्यांना बंब घ्यावयाचा आहे त्यांच्यासाठी दोन सूचना येथे नमूद करते. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल, तर नळ्यांच्या आत अंड्याच्या कवचासारखा थर बसतो. तो वर्षातून एकदा तरी काढावा लागतो. दुसरी गोष्ट मी एका वसतिगृहात पाहिली. टाकी रिकामी राहून नळ्या कोरड्या तापलेल्या होत्या. कोणीतरी भर बारा वाजता त्यांत थंड पाणी सोडले आणि एकापाठोपाठ चार नळ्या तडकल्या. पाणी भरायचे ते सकाळी, ऊन चढण्यापूर्वी.

पहिला आठवडाभर आई सवयीने साडेचारलाच उठत होती. उठून नळ सोडायची, पाण्याखाली हात धरायची आणि पुन्हा येऊन अंथरुणावर बसायची. झोपायची मात्र नाही. "ह्या येळंला काय करायचं आसतं?" असे तिने मला एकदा विचारले. पौषातल्या थंडीत चूल एकदाही पेटली नाही. पावसाळ्यात मात्र ती पेटली. आभाळ भरून आले, की सलग तीन-चार दिवस पाणी कोमटच निघे. जुलै-ऑगस्ट मिळून सतरा दिवस आम्ही जळण वापरले, त्याची नोंद माझ्या वहीत आहे. आईने चुलीचे दगड काढलेले नाहीत, आणि ते काढू नयेत हेच बरोबर.

पॅनेलचा अर्ज या दिवाळीच्या सुटीत मी भरावयास घेतला. जागा न्हाणीपलीकडच्या गोठ्यावर निघते, तेथे निंब पोहोचत नाही. कागद सारे जुळले, एक सोडून. विजेचे मीटर आजोबांच्या नावावर आहे आणि त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली. आधी नाव बदलून घ्यावे लागेल आणि त्यासाठी वारस म्हणून आजीचा अंगठा हवा. आजीला वाचता येत नाही. पण दर महिन्याला लाईटबिल आले, की ती ते हातात घेते, नाव कोठे छापले आहे ते तिला ठाऊक आहे, त्यावरून एकदा बोट फिरवते आणि मग कागद आप्पांकडे देते. मी तिला सारे समजावून सांगितले. तिने नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, "पुढल्या म्हयन्याचं बिल येऊ दे. मग बघू." शाईचा डबा आणि तो कागद फळीवर ठेवलेला आहे.